पातळ दंडगोल कवचाचं बकलिंग: उभा भार, वाक, पीळ आणि दाब एकत्र (प्रकल्प नोंदी)

६ जानेवारी: काय करायचंय

पातळ दंडगोल कवचावर दोन भार एकदम आले तर ते कधी बसतं (म्हणजे बकल होतं: भिंत एकदम दबून पोचे पडतात), हे टेबलावर मोजून बघायचं आहे. धान्याच्या उंच कोठीत आतला माल घर्षणाने भिंत खाली ओढतो आणि वारा आडवा ढकलतो. टाकी भराभर रिकामी करताना हवेची झडप अडकली, तर आत पोकळी होते (आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो), आणि छपराचं वजन वर असतंच. रॉकेटच्या टाकीत उभा भार, वाक आणि आतला दाब असे तिघे एकत्र नांदतात. पाठ्यपुस्तकात मात्र एका वेळी एकच भार असतो.

आधी शीतपेयाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याचा विचार केला. त्रिज्या ३३ मिमी, भिंत जेमतेम ०.१ मिमी, म्हणजे त्रिज्या भागिले जाडी ३३० च्या आसपास. प्रमाण उत्तम, पण डबा एकदा बसला की संपला. दोन भारांचा परस्परसंबंध काढायचा तर तेच कवच पुन्हा पुन्हा हवं, कारण दोन कवचांमधला फरक मोजायच्या परिणामाएवढाच मोठा असू शकतो. म्हणून पॉलिएस्टर फिल्म, म्हणजे मायलर. ती बकल होते, पोचे पडतात आणि भार काढला की पूर्ववत होते. १९६० च्या दशकातही कवचांच्या चाचण्यांसाठी मायलर याच कारणाने वापरलं गेलं.

मापं: त्रिज्या १०० मिमी, जाडी ०.२५ मिमी, मोकळी उंची २५० मिमी. त्रिज्या भागिले जाडी ४००.

११ जानेवारी: फिल्म मोजणं

उभ्या भाराचं शास्त्रीय (म्हणजे कवच अगदी निर्दोष धरणारं) सूत्र सोपं आहे: बकलिंगचा स्ट्रेस = ०.६०५ × ई × जाडी ÷ त्रिज्या. ई म्हणजे फिल्मचा ताठपणा सांगणारा आकडा (यंगचा मापांक). स्ट्रेसला भिंतीच्या छेदाच्या क्षेत्रफळाने (परिघ × जाडी) गुणलं की त्रिज्या उडून जाते आणि एकूण भार उरतो ३.८ × ई × जाडीचा वर्ग. म्हणजे कवच रुंद केलं म्हणून एकूण भार वाढत नाही. जाडी मात्र वर्गात आहे. मायक्रोमीटर ०.०१ मिमीने चुकला तर उत्तर ८ टक्क्यांनी चुकतं. म्हणून जाडी एका जागी मोजून भागत नाही. ताव टेबलावर पसरून चारी कडांना आणि मधोमध मोजली, सरासरी घेतली.

ई साठी २५ मिमी रुंदीची पट्टी कापून टांगली आणि एक मीटर अंतरावर दोन खुणा केल्या. ५ किलो लटकवल्यावर खुणांमधलं अंतर पावणेदोन मिमीने वाढलं. त्यावरून ई येतो ४.५ गिगापास्कल. पट्टी फिल्मच्या गुंडाळीच्या दिशेने आणि आडवी, अशी दोन्हीकडून कापून तपासा, आकडे थोडे वेगळे येतात. मी गुंडाळीची दिशा कवचाच्या उंचीला धरली आणि तीच शेवटपर्यंत ठेवली.

यावरून शास्त्रीय भार सुमारे १०७० न्यूटन. प्रत्यक्षात एवढा मिळत नाही हे १९३० च्या दशकापासून सगळ्यांना माहीत आहे. नासाची एसपी-८००७ ही पुस्तिका (१९६५, सुधारित १९६८) जो नॉकडाउन फॅक्टर (शास्त्रीय भार कमी करायला त्याला गुणायचा आकडा) देते, तो ४०० या प्रमाणासाठी ०.३६ येतो. म्हणजे ३८२ न्यूटन धरून चाला. निव्वळ वाकासाठी हाच फॅक्टर ०.४८ आहे. वाकासाठी तो जास्त का, याचं उत्तर पुढे फेब्रुवारीत हाताला लागलं.

१९ जानेवारी: टेपने चिकटवलेलं कवच

पहिली जोडणी: दोन जाड गोल तबकड्या, फिल्म त्यांच्या कडेभोवती गुंडाळून दुहेरी टेपने चिकटवलेली, उभा सांधा १० मिमीचा. वरून वजनं ठेवत गेलो. २९० न्यूटनला आवाज करून बसलं.

हा आकडा नासाच्या सुरक्षित आकड्याच्याही खाली आहे. ती पुस्तिका ढोबळपणे सगळ्या जुन्या चाचण्यांच्या तळाशी काढलेली रेषा आहे. तिच्याखाली आकडा आला तर दोष जोडणीत शोधावा. फिल्मच्या कडेला भिंग लावलं तेव्हा कारण दिसलं: कड तबकडीच्या खांद्यावर सगळीकडे टेकलेलीच नव्हती. काही जागी अर्ध्या मिमीची फट होती, भार तीन-चार ठिकाणांहूनच भिंतीत उतरत होता. बकलिंगपर्यंत अख्खं कवच ०.२ मिमीही आखडत नाही, तिथे अर्ध्या मिमीची फट म्हणजे तो भाग भार घेतच नाही.

दुसरं नुकसान वजनांमुळे झालं. कवच बसल्यावर वजन थांबत नाही, ते खालपर्यंत चेपत जातं. फिल्मला टोकदार घड्या पडल्या आणि त्या पुसल्या गेल्या नाहीत. कवच बाद.

२७ जानेवारी: स्क्रू आणि प्लास्टर

दोन बदल केले, दोन्हींसाठी बराच वेळ गेला आणि दोन्ही वसूल झाले.

एक, वजनांऐवजी स्क्रू. चौकटीच्या वरच्या पट्टीतून बारीक आट्याचा स्क्रू खाली येतो आणि तबकडीच्या मध्यावरच्या पोलादी गोळीवर टेकतो. कवच बसलं की भार झटकन पडतो आणि स्क्रू आहे तिथेच राहतो. त्याच्यावर एक अडवणारी नट लावली आहे, बकलिंगनंतर अर्ध्या मिमीपलीकडे जाऊच देत नाही. एवढ्यात थांबलं तर फिल्मवर घडी राहत नाही.

दोन, तबकड्यांना गोल चर: ६ मिमी रुंद, ८ मिमी खोल. फिल्मची कड चरात उभी करून भोवती प्लास्टर ऑफ पॅरिस ओतलं. प्लास्टर आळताना किंचित फुगतं, त्यामुळे कड घट्ट धरली जाते. एपॉक्सीपेक्षा मला प्लास्टर आवडलं, कारण तबकडी भिजवून, खरवडून पुन्हा वापरता येते. प्रयोगशाळांमध्ये यासाठी कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू वापरतात, घरगुती जोडणीत त्याची गरज भासली नाही.

ओतण्याचा क्रम महत्त्वाचा. खालचं टोक आधी ओता, पूर्ण आळू द्या, मग कवच उलटं करून दुसऱ्या तबकडीत उभं करा. दुसऱ्या ओतकामाच्या वेळी दोन्ही तबकड्या समांतर आहेत का, हे चारी बाजूंनी उंची मोजून पाहा आणि प्लास्टर ओलं असतानाच सरळ करून घ्या. आळल्यानंतर काही करता येत नाही.

पहिल्याच चाचणीत ५०५ न्यूटन. टेपच्या कवचाच्या पावणेदोन पट.

३१ जानेवारी: निव्वळ उभा भार असा नव्हताच

खालच्या तबकडीखाली तीन लोड सेल (भार मोजणारी उपकरणं) १२० अंशांवर बसवले, मध्यापासून प्रत्येकी ८० मिमी. एकूण साहित्यात सगळ्यात जास्त खर्च यांचाच, पण एकाऐवजी तीन घ्याच. एक सेल फक्त भार सांगतो, तीन मिळून भार कुठून जातोय तेही सांगतात.

अर्ध्या वाटेवर थांबून वाचलेले आकडे: १४२, ११८, ११० न्यूटन. बेरीज ३७०. तिन्हींच्या जागा धरून हिशेब केला तर भाराचा मध्य कवचाच्या मध्यापासून ६.२ मिमी सरकलेला. भार मध्यापासून सरकला की एका बाजूचा स्ट्रेस सरासरीपेक्षा (२ × सरक ÷ त्रिज्या) एवढ्या पटीने वाढतो, इथे १२ टक्के. म्हणजे ‘निव्वळ उभा भार’ म्हणून लिहिलेल्या ५०५ मध्ये वाक आधीच मिसळलेला होता.

सरक आली कुठून? गोळीची खाच तबकडीच्या कडेवरून मोजून पाडली होती, पण फिल्म चरात एका बाजूला झुकून आळली होती. तबकडीचा मध्य आणि कवचाचा मध्य एक नव्हते. आता गोळीची खाच एका छोट्या सरकत्या पट्टीत आहे, दोन आडव्या स्क्रूंनी ती हलवता येते. १०० न्यूटन लावायचे, तिन्ही सेल वाचायचे, पट्टी सरकवायची, आकडे सारखे होईपर्यंत. हे केल्यावर तेच कवच ५६२ न्यूटनला गेलं.

आणखी एक लपलेला भार: वरची तबकडी आणि तिच्यावरची दांडी यांचं वजन ११ न्यूटन. तबकडी ठेवून मग सेल शून्यावर आणले तर हे ११ न्यूटन नोंदीतून गायब होतात, भिंत मात्र ते वाहत असते. सेल आधी शून्य करा, तबकडी नंतर ठेवा.

या दिवसापासून माझी पद्धत बदलली. नवा भार जोडण्याआधी प्रश्न एकच: हा भार सोबत आणखी काय घेऊन येतोय?

५ फेब्रुवारी: वेळेचा परिणाम

पॉलिएस्टर सैलावतं. स्क्रू थांबवून पाच मिनिटं बसलं की भार दोनेक टक्क्यांनी उतरतो. म्हणून वेग ठरवून टाकला: मिनिटाला ०.१ मिमी, मध्ये थांबायचं नाही. दोन चाचण्यांमध्ये वीस मिनिटं विश्रांती. आणि दररोज सुरुवातीला आणि शेवटी निव्वळ उभ्या भाराची एक चाचणी. तो आकडा ३ टक्क्यांपेक्षा जास्त हलला तर त्या दिवसाच्या नोंदी बाद. सततच्या बकलिंगने कवच थकतंय का, तेही यातूनच कळतं.

९ फेब्रुवारी: वाक, आणि फिल्म प्लास्टरमधून बाहेर

निव्वळ वाकासाठी वरच्या तबकडीवर आडवी दांडी, दोन्ही बाजूंना २५० मिमी. एका टोकाला दोरी खाली ओढते, दुसऱ्याला कप्पीवरून वर ओढते. दोन्ही ओढी सारख्या, त्यामुळे उभा भार शून्य आणि फक्त वाक. एकाच टोकाला वजन टांगणं सोपं असतं, पण मग ते वजन उभा भार म्हणूनही उतरतं.

मोजणी झालीच नाही. ताणाच्या बाजूची फिल्म गुळगुळीत असल्याने प्लास्टरमधून अलगद वर सरकली आणि दोन बोटं रुंदीचा भाग चराबाहेर आला. उभ्या दाबात कड नुसती टेकलेली असली तरी चालतं, वाकात ती धरलेली लागते.

उपाय साधा निघाला. फिल्म गुंडाळण्याआधी दोन्ही कडांना, कडेपासून ४ मिमीवर, दर १५ मिमीला कागदाच्या पंचने भोकं पाडायची. प्लास्टर भोकांतून आरपार जातं आणि आळल्यावर खुंट्या तयार होतात. भोकं पूर्ण चराच्या आत राहिली पाहिजेत, मोकळ्या भिंतीत एकही नको. कडेचा परिणाम कवचात साधारण १० ते १२ मिमी आतपर्यंत पोहोचतो (त्रिज्या गुणिले जाडीचं वर्गमूळ इथे ५ मिमी आहे, त्याच्या दोन-अडीच पट), त्यामुळे चराच्या तोंडाशी केलेली ढिलाई भिंतीला कळते.

नवं कवच करावं लागलं. कापणं, सांधा, दोन ओतकामं, प्लास्टर वाळणं: आठवडा गेला.

२१ फेब्रुवारी: घड्याळातले चार

नवं कवच मध्यावर आणून उभ्या भारात ६१० न्यूटन. आधीचं ५६२ होतं. तीच फिल्म, तेच हात, तरी ८ टक्के फरक. यापुढचे सगळे आकडे या एकाच कवचाचे आहेत.

कवचाभोवती घड्याळासारखे बारा आकडे लिहिले, सांधा बारावर. उभ्या भारात पहिला पोचा दर वेळी चारच्या जवळ, खालच्या तिसऱ्या हिश्शात पडतो. तिथे हात फिरवला तर काहीच लागत नाही. डायल गेज (सुईने बारीक उंचसखलपणा दाखवणारं माप) उभी फिरवली तर सुई तीन शतांश मिमीने आत जाते. जाडीच्या आठव्या हिश्शाएवढी खोट. डच अभियंता कोइटर याचा १९४५ चा डेल्फ्टमधला प्रबंध नेमका याच गोष्टीवर होता. त्याच्या पुढच्या हिशेबाप्रमाणे कवचाभोवती पट्ट्यांसारखी फिरणारी, जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी लाटसुद्धा भार चाळीसेक टक्क्यांनी खाली आणते. माझी खोट पट्ट्यांसारखी नाही, एका जागची आहे, तरी ६१० ला १०७० ने भागलं तर ०.५७ येतं.

मग गोळी मध्यापासून २० मिमी सरकवली. आता उभा भार आणि वाक ठरावीक प्रमाणात एकत्र वाढतात. आधी चारच्या दिशेला सरकवली, मग नेमकी उलट, दहाच्या दिशेला.

चारकडे: ४४० न्यूटन. दहाकडे: ५३० न्यूटन.

भार तेच, सरक तीच, फक्त दिशा वेगळी, आणि वीस टक्के फरक. चारकडे ढकललं की जिथे खोट आहे तिथेच जास्तीचा स्ट्रेस येतो. दहाकडे ढकललं की खोटीवरचा भार हलका होतो आणि कवचाला दुसरी, कमी वाईट जागा शोधावी लागते. वाकाचा नॉकडाउन फॅक्टर उभ्या भारापेक्षा सौम्य का, ते इथे डोळ्यांसमोर आलं. उभा भार अख्ख्या परिघातली सगळ्यात वाईट जागा शोधून काढतो. वाक परिघाचा एक तुकडाच तपासतो, आणि सगळ्यात वाईट जागा त्या तुकड्यात असेलच असं नाही.

निव्वळ वाक: चारकडे ३३ न्यूटन-मीटर, दहाकडे ४१. शास्त्रीय आकडा ५३.५.

पुस्तिकेचा नियम सांगतो की उभ्या भाराचं गुणोत्तर (लागलेला भार भागिले तो एकटा असताना कवच बसवणारा भार) अधिक वाकाचं गुणोत्तर बरोबर १ झालं की कवच गेलं समजा. चारकडे: ४४० ÷ ६१० = ०.७२, आणि वाक ८.८ ÷ ३३ = ०.२७. बेरीज ०.९९. दहाकडे: ०.८७ अधिक १०.६ ÷ ४१ = ०.२६, बेरीज १.१३. सरळ रेषेचा नियम वाईट दिशेला अगदी चपखल बसतो आणि चांगल्या दिशेला वाव सोडतो. वारा कुठून येईल आणि खोट कुठे असेल हे आधी ठरवता येत नाही, म्हणून वाईट दिशेचा नियम वापरणंच योग्य आहे असं माझं मत झालंय.

जो कोणी हे करेल त्याने वाकाची दिशा नोंदीत लिहिलीच पाहिजे. दिशेशिवाय वाकाचा आकडा निरुपयोगी आहे.

२८ फेब्रुवारी: पीळ

वरच्या तबकडीला दोन हात, मध्यापासून प्रत्येकी १५० मिमी, दोन दोऱ्या विरुद्ध दिशांना आडव्या ओढणाऱ्या. इथेही एकच दोरी वापरली तर पिळासोबत आडवा धक्का आणि वाक येतो, म्हणून जोडीच हवी.

पहिल्या दिवशी सेलचे आकडे वेडेवाकडे आले, भार न बदलता एक सेल चढत होता आणि दुसरा उतरत होता. पीळ खाली जाताना सेलमधूनच जात होता आणि सेल आडव्या जोरासाठी केलेले नसतात. खालच्या तबकडीला दोन बाजूंना अडवणाऱ्या खुंट्या लावल्या आणि सेलवर गोळ्या ठेवून तबकडी त्यांवर टेकवली. आता पीळ खुंट्यांकडे जातो, उभा भार सेलकडे. वरच्या गोळीचं घर्षणही थोडा पीळ खातं, ४०० न्यूटनला हिशेबाने साधारण ०.३ न्यूटन-मीटर. ग्रीस लावलं आणि सोडून दिलं.

निव्वळ पीळ: १४.५ न्यूटन-मीटर. शास्त्रीय १८.७, पुस्तिकेप्रमाणे १२.५. ०.५७ च्या जागी इथे ०.७८, म्हणजे खोटीची झळ पिळात कितीतरी कमी. पोचे पाहिले की पटतं: वरपासून खालपर्यंत जाणाऱ्या तिरक्या लांब सुरकुत्या पडतात, एखाद्या ठिकाणच्या बारीक खोटीला त्या जुमानत नाहीत.

एकत्र मोजताना पीळ आधी लावून ठेवला, मग स्क्रू फिरवला. अर्धा पीळ असताना ४७० न्यूटन. नियम इथे वेगळा आहे, उभ्या भाराचं गुणोत्तर अधिक पिळाच्या गुणोत्तराचा वर्ग बरोबर १. त्याने ४५७ येतात. पीळ ८० टक्के असताना २३५ मिळाले, नियमाने २२०. दोन्ही जागी नियम किंचित सुरक्षित बाजूला. व्यवहारात याचा अर्थ असा की थोडासा पीळ उभी ताकद फारशी कमी करत नाही, पण पीळ वाढत गेला की घसरण एकदम तीव्र होते.

८ मार्च: बाहेरचा दाब, आणि हवेची गळती

बाहेरून दाब देण्याऐवजी आतली हवा ओढायची. लागणारा दाब इतका कमी आहे की पाण्याची यू-नळी पुरते: शास्त्रीय ५१६ पास्कल म्हणजे ५३ मिमी पाणी, पुस्तिकेप्रमाणे ४० मिमीच्या आतबाहेर. आतली हवा पावणेआठ लिटर, त्यातली ४० मिली काढली की काम झालं. ५० मिलीची सिरिंज पुरली.

पुरली, पण दाब टिकेना. सिरिंज ओढली की नळीत ३० मिमी दिसायचे आणि मिनिटाभरात निम्मे. सांधा, नळीचं तोंड, सगळं तपासून झालं. शेवटी साबणाचं पाणी आतल्या दाबाखाली लावून पाहिलं तर बुडबुडे चराच्या प्लास्टरमधून येत होते. प्लास्टर सच्छिद्र असतं. वितळलेलं मेण चरावर दोन वेळा फिरवलं, गळती थांबली.

मग दुसराच घोळ. सगळं बंद असताना, कोणी हात न लावता, नळी २० मिमीने हलली. कारण तापमान. बंद हवेचं तापमान एका अंशाने बदललं की दाब सुमारे ३४० पास्कल, म्हणजे ३५ मिमी पाण्याएवढा बदलू शकतो. हे कवच बकल व्हायला लागणाऱ्या दाबाच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त आहे. खिडकीतलं ऊन कवचावरून सरकलं, एवढंच निमित्त. पंखा बंद, पडदा ओढलेला आणि चाचणीआधी अर्धा तास सगळं स्थिर, हा नियम केला. आणि ज्यांना फक्त उभा भार मोजायचा आहे त्यांनी तबकडीला हवेचं भोक ठेवाच. बंद कवचावरची उभ्या भाराची चाचणी खोलीच्या तापमानाशी मिसळलेली असते.

१४ मार्च: पोकळी आणि उभा भार

निव्वळ पोकळी: ४४ मिमी पाणी, ४३० पास्कल. वरपासून खालपर्यंत एकेक लांब पोचा, भोवती सात. हिशेबाने आठ यायला हवे होते, बारावर सांध्याची दुहेरी पट्टी ताठ असल्याने तिथला आठवा पडत नाही.

पोकळीही सोबत उभा भार आणते, कारण बाहेरची हवा वरच्या तबकडीलाही दाबते. २२ मिमीला हा धक्का जेमतेम ७ न्यूटनचा, पण नोंदीत धरायचा. पोकळी अर्धी ठेवून स्क्रू फिरवला तर सेलवर ३९३, भिंतीत ४००. गुणोत्तर ०.६६, अधिक ०.५, बेरीज १.१६. इथेही नियम सरळ रेषेचा आहे आणि इथे तो स्पष्टच सावध आहे. उभ्या भाराचे पोचे लहान, पोकळीचे लांब, दोघांना हव्या असलेल्या लाटा वेगळ्या आहेत, त्यामुळे ते एकमेकांना मनापासून साथ देत नाहीत. मात्र ही बेरीज एका कवचाची आहे, तिच्या जोरावर कोणी सरळ रेषा ओलांडू नये.

१९ मार्च: आतला दाब

सिरिंज उलटी ढकलली, आत २०० मिमी पाणी, १९६० पास्कल. उभ्या भाराचा आकडा ६१० वरून ७८० वर गेला. १७० ची वाढ बघून आनंद झाला, पण त्यातले ६२ न्यूटन तर आतली हवा तबकडीला वर उचलते त्याचे आहेत, ते भिंतीपर्यंत पोहोचतच नाहीत. खरी वाढ १०८. ती कशाची, हे बकल होताना दिसतं: चारची खोट दाबाने जवळजवळ सपाट होते, डायल गेजची सुई तिथे हलतच नाही, आणि पोचा आता तळाशी, चराच्या वरच्या कडेला पडतो. अ‍ॅटलस रॉकेटच्या पोलादी टाक्या याच आधारावर उभ्या असत, आत दाब नसेल तर त्या जमिनीवरसुद्धा स्वतःला सावरू शकत नसत.

आतला दाब देताना सिरिंज हळू ढकला. बकल होताना पोचे आत जातात, बंद हवा दाबली जाते आणि यू-नळीतलं पाणी उसळून बाहेर येतं. नळीचा बाहेरचा हात अर्धा मीटर उंच ठेवा.

२५ मार्च: सध्याची स्थिती

आज सकाळी निव्वळ उभा भार ५९८. फेब्रुवारीतल्या ६१० पेक्षा २ टक्के कमी, मर्यादेत. चारच्या जागी मात्र उजेडात धरलं तर आता नखाएवढी पांढुरकी रेघ दिसते, फिल्म तिथे थकली आहे. या कवचावर आता तिहेरी भाराच्या थोड्याच चाचण्या होतील: आतला दाब १०० मिमीवर स्थिर, गोळी चारकडे २० मिमी, पीळ चाचणीगणिक चढता, आणि उभा भार शेवटी. क्रम असाच, कारण दाब आणि पीळ धरून ठेवता येतात, उभा भार मात्र स्क्रूने हवा तेव्हा थांबवता येतो.

पुढच्या कवचासाठी तीन बदल ठरले आहेत. चराची खोली १२ मिमी, म्हणजे भोकं तोंडापासून आणखी आत जातील. सांधा दुहेरी पट्टीऐवजी कडेला कड लावून, आतून पातळ टेपचा, कारण बाराची ताठ पट्टी पोकळीच्या चाचणीत उघड दखल देते. आणि कवच बसवण्याआधीच सगळ्या परिघावर, दर १० मिमीला, डायल गेजने खोटीचा नकाशा. या वेळी चारची जागा बकल झाल्यावर कळली. नकाशा आधी हातात असेल तर पहिला पोचा कुठे पडेल ते आधी लिहून ठेवता येईल आणि मग स्क्रू फिरवता येईल.

नोंदवहीचे रकाने, ज्यांना हवे असतील त्यांच्यासाठी: तिन्ही सेलचे आकडे वेगवेगळे (बेरीज नव्हे), तबकडीचं वजन, भाराची सरक मिमीत आणि दिशा घड्याळात, पीळ, यू-नळीची उंची चिन्हासकट, खोलीचं तापमान चाचणीच्या आधी आणि नंतर, पहिला पोचा कुठे, आणि त्या दिवसाचा निव्वळ उभा भार.